चोणक : खाडीतील होडीची मासेमारी
मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या मुखाकडील निमखाऱ्या पाण्यात, कांदळवनांच्या कडेने, लहान होडीतून गळ टाकून किंवा जाळे लावून चोणक पकडला जातो. रायगड जिल्ह्यात हाच मासा ‘जिताडा’ या नावाने परिचित आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘लेट्स कॅल्कॅरिफर’. ओहोटीच्या प्रवाहाबरोबर लहान मासे व कोळंबी बाहेर पडू लागली की तो मुळांच्या आडोशाला दबा धरतो.

चोणक आरंभी नर असतो. पुढे वाढल्यावर त्याची बहुधा मादी होते. त्यामुळे केवळ मोठे मासे काढल्यास अंडी देणाऱ्या माद्या घटतात, तर कोवळे पकडल्यास माद्या तयारच होत नाहीत. पिल्लांना आसरा देणारी कांदळवने व खाजने राखणे म्हणूनच मच्छीमारांच्याही हिताचे आहे.