पेवाचे तोंड

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला म्हणजे आपण म्हणतो, 'पेव फुटले'. निवडणुका आल्या की पुढाऱ्यांचे पेव फुटते, आणि दिवाळी आली की अंकांचे! पण पेव म्हणजे काय, असे आज वर्गात विचारले, तर वर होणारे हात थोडेच निघतील. शब्द राहिला, वस्तू गेली. त्या गेलेल्या वस्तूची, आणि विशेषतः तिच्या तोंडाची, ही हकीकत आहे.

पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे. पोट मात्र मोठ्या रांजणासारखे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या तेल्हाऱ्याच्या मुलखात, साऱ्या वऱ्हाडाप्रमाणेच, जमिनीच्या दोन जाती. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पेवाला पांढरीच हवी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी शिरते आणि वाराही शिरतो. पेवाचे खरे वैरी हेच दोन. म्हणून आत जाळ करून भिंती शेकायच्या, तळाला व कडेने कडबा आणि कुटार लावायचे, दाताखाली कटकन फुटेल अशी वाळलेली ज्वारी ओतायची आणि वर पुन्हा कुटार घालून तोंडावर दगड ठेवायचा. दगडाच्या कडेने शेणमातीचा जाड लेप दिला की काम झाले.

आता यात गंमत अशी की, पेव काही किडे बाहेर ठेवीत नाही. किडे ज्वारीबरोबरच आत गेलेले असतात. पण दाणाही श्वास घेतो आणि किडाही घेतो. हवेत शेकडा २१ भाग प्राणवायू असतो. तोंड नीट बंद असेल तर तो हळूहळू खर्ची पडतो, त्याची जागा कर्बवायू घेतो, आणि प्राणवायू शेकडा दोन-तीन भागांवर आला की किडे आपल्याच कोंडवाड्यात गुदमरून मरतात. ना औषध, ना विष! हेच पेव उघडताना मात्र माणसाच्या जिवावर उठते. झाकण काढून बराच वेळ वारा खेळू द्यावा, दोरीने दिवा सोडून पाहावा, आणि दिवा विझला तर उतरू नये, ही जुन्या माणसांची शिस्त. ती मोडणारे आतच राहिले.

मग असे हे पेव गेले कसे? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली वऱ्हाडातून जाणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. ज्वारीच्या शेतात कापूस शिरला. उरलेल्या धान्यालाही घरात बसून राहण्याचे कारण उरले नाही. ते गाडीत बसून बाजाराला जाऊ लागले. पुढे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला, तेव्हा रेल्वे होती, बाजार होता, कापसाचे गठ्ठे होते. पण विकत घ्यायला पैसा नसलेल्याला बाजारातले धान्य चंद्राइतकेच दूर! त्याला भरलेले पेवच हवे होते.

पेवाचा दोषही सांगितला पाहिजे. शेणमातीचा लेप ताठ असतो. दगड हलला की तो तडकतो. कडेची ज्वारी ओल खाते, तिला वास लागतो. हवाबंद तोंडाला हवे असते ते काहीतरी मऊ, लवचिक, खाचाखोचांत बसणारे. ही मऊ वस्तू कोणती, याचा शोध माणसाने शेकडो वर्षे घेतला आहे.

कापड लवचिक खरे, पण त्यातून हवा जाते. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो तो धुळीसाठी. हवेला अडवतो तो आतला तेलाचा थर. चामडे त्याहून बरे. लोहाराचा भाता चामड्याचाच, पण त्याला तेल पाजावे लागते. सुकला की चिरतो. युरोपातही हीच युक्ती होती. १६५७ साली माग्डेबुर्ग शहरी ओटो फॉन गेरिके याने धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावून आतील हवा उपसून काढली, तर दोन्ही बाजूंचे मिळून सोळा घोडेही त्यांना सोडवता सोडवेनात. दोन अर्धगोलांमध्ये होती मेण आणि टर्पेंटाइन पाजलेली चामड्याची चकती!

पुढे आले रबर. १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला शार्ल याचे वायुयान उडाले, ते टर्पेंटाइनमध्ये विरघळविलेले रबर रेशमावर चढवून. ते गोनेस गावी उतरले, तेव्हा राक्षस आला असे समजून गावकऱ्यांनी ते भोसकून फाडले. कच्चे रबर थंडीत ताठते, उन्हात चिकटते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइअर याने गंधक आणि उष्णता देऊन त्याचा स्वभाव सुधारला. तरीही रबरातून हवा झिरपतेच. पंक्चर नसलेली सायकलची ट्यूबही पडल्या पडल्या मऊ होते, ती काही सर्वस्वी व्हॉल्व्हची चूक नव्हे.

१९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथीन अपघातानेच हाती लागले. त्याचा पातळ पत्रा पाणी उत्तम अडवतो, पण प्राणवायू मात्र त्यातून थोडा थोडा जातोच. म्हणून पाणी न गळणारी ती प्रत्येक पिशवी हवाबंद, ही समजूत खोटी. १९८७ पासून आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळी साठविण्यासाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर तोड काढली. दाट जातीच्या पॉलिथीनच्या जाड पिशव्या, एकीत एक अशा दोन, आणि बाहेरून विणलेले पोते. पोते वजन पेलते, दोन पिशव्या हवा अडवतात. किड्याने एक पोखरली तरी दुसरी उभी असते. प्रत्येक पिशवीचे तोंड पिळून, दुमडून, वेगळे बांधायचे. धान्य आधी खडखडीत वाळलेले हवे; ओले धान्य कोंडले तर बुरशी येऊन ते आतच नासते. उंदरापासून मात्र पोत्याला जपावे लागते.

नीट पाहिले तर हे पेवच आहे. फक्त पांढरी माती सोडून ते पाठीवर उचलता येईल असे झाले आहे. दोन्हींत युक्ती एकच, दम कोंडण्याची. फरक पडला आहे तो आकारात. मोठे पेव मोठ्या शेतकऱ्याचे किंवा सावकाराचे असे, आणि पेवाच्या मालकापुढे गाव वाकत असे. पन्नास किलोचे पोते दोन एकरवाल्यालाही भरता येते. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो, आणि कीड लागेल या धास्तीने गरीब आधी विकतो. चार महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो. ज्याच्या धान्याला कीड लागत नाही, त्याला थांबता येते. थांबता येणे ही शेतकऱ्याची केवढी मोठी दौलत आहे, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडाने भोगून पाहिले आहे. तोंड कशाने बांधावे, हा प्रश्न दिसायला पिशवीचा आहे. असायला तो पोटाचा आहे.