पटकीच्या जंतूचे विष

१५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात पटकीच्या रोगाचे वर्णन आढळते. ग्रंथकर्ते गार्सिया द ओर्ता हे गोव्यातच वैद्यकी करीत असत. मंदावलेली नाडी, थंडगार घाम, खोल गेलेले डोळे, न शमणारी तहान आणि पायांना येणारे वांब ही लक्षणे त्यांनी नोंदविली. या रोगाचे पोर्तुगीज नाव ‘मोर्देशीं’. ते ‘मोडशी’ या मराठी-कोंकणी शब्दावरूनच रूढ झाले. रोगाला नाव मिळाले, लक्षणेही लिहिली गेली. परंतु सकाळी धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत कशाने दगावतो, हे कळावयास आणखी जवळजवळ चार शतके लोटावी लागली.

१८१७ पासून बंगालमधून निघालेली पटकीची साथ देशोदेशी पसरली. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याने रोग फैलावतो, हे जॉन स्नो यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी फ्लॉरेन्स येथे फिलिपो पाचिनी यांनी रोग्यांच्या आतड्यांत सूक्ष्म वक्र जंतू पाहिले. पण त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८८३ च्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आले. स्वल्पविरामाच्या आकाराचा तोच जंतू त्यांना मृतांच्या आतड्यांत सापडला आणि लोक ज्याचे पाणी पीत त्या तलावातही सापडला. १८८४ मध्ये पटकीचा अपराधी जगापुढे उभा राहिला.

परंतु अपराधी सापडला म्हणजे अपराधाची रीत कळली असे नव्हे. क्षयाचा जंतू फुप्फुस पोखरतो. विषमज्वराचा जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो. पटकीचा जंतू यांपैकी काहीच करीत नाही. तो आतड्याच्या पोकळीतच राहतो आणि रोग्याच्या रक्तात सापडत नाही. मग शरीरात न शिरताच तो प्राण कसा घेतो? जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्क स्वतः कॉख यांनीच केला होता. पुढील अनेक संशोधकांनी त्या विषाचा शोध घेतला. पण ते प्राण्यांच्या रक्तात वा पोटाच्या पोकळीत जंतूचा अर्क टोचून पाहत राहिले. विष खरे होते. शोधण्याची जागा चुकत होती.

ती योग्य जागा कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी निवडली. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद भागात पटकीचे जंतू सोडले. काही तासांत तो भाग पाण्याने टम्म फुगला. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. नंतर त्यांनी जंतू वाढविलेले द्रव इतके बारीक गाळून घेतले की त्यात एकही जंतू उरला नाही, आणि केवळ ते द्रव आतड्यात सोडले. आतडे पूर्वीसारखेच फुगले. पाणी खेचून आणणारे जंतूने सोडलेले विषच होते, हे १९५९ मध्ये असे सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर केलेले प्रयोगही याच दिशेने बोट दाखवीत होते.

पुढील संशोधनाने या विषाचे कार्य उलगडले. दूषित पाण्यातून पोटात गेलेले बहुतेक जंतू जठरातील आम्लात मरतात. जे वाचतात ते शेपटीसारख्या तंतूच्या साहाय्याने पोहत लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि विष सोडू लागतात. विषाच्या एका कणाचे सहा घटक असतात. पाच घटक पेशीची पकड घेतात व सहावा आत शिरतो. नळाची चावी उघडी अडकून राहावी, तशी पेशीची अवस्था होते; क्षार बाहेर वाहू लागतात आणि त्यांच्यामागे पाणीही ओढले जाते. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी तांदळाच्या धुवणासारखे शरीराबाहेर पडते. रक्त दाटते, नाडी बुडते, लघवी बंद होते. त्याच पाण्याबरोबर असंख्य जंतू पुन्हा तलावात व विहिरीत पोहोचतात.

ही रीत कळली आणि उपायाची वाट दिसू लागली. आतड्याचे अस्तरच झडून जाते, अशी जुनी समजूत होती. १९६० च्या सुमारास ती खोटी ठरली. अस्तर शाबूत असते. साखरेबरोबर मीठ आत घेणारे पेशीचे दार निराळे असते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले, आणि त्या दाराला पटकीचे विष बंद करू शकत नाही. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मीठ जेथे टिकत नाही, तेथे मीठ-साखरेचे पाणी अंगी लागते. १९६८ मध्ये ढाक्यात रोग्यांवर त्याचा पडताळा आला.

खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या युद्धातून पळालेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली होती. रोगी जमिनीवर पडलेले, आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधवून घेतल्या. ते पाणी पाजण्याचे काम रोग्यांच्या आप्तांवरच सोपविले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ वर आले.

शंभुनाथ डे १९८५ साली निवर्तले. त्यांचे नाव सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. परंतु जुलाबाने मलूल झालेल्या लेकराला एखादी आई मीठ-साखरेचे पाणी चमच्या-चमच्याने पाजते, तेव्हा त्या भांड्यात कलकत्ता, ढाका आणि बनगाव येथील कष्ट विरघळलेले असतात.