चुन्यासाठी खोदले, विज्ञानाला मिळाले

इंग्लंडच्या सरे परगण्यात गिल्डफर्डपासून फार्नमपर्यंत हॉग्ज बॅक नावाची अरुंद डोंगरधार गेली आहे. तिच्यावरची, सील गावाजवळची खडूची जुनी, लहानशी खाण आज विशेष शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षित आहे. निसर्गाने घडवलेले हे स्थळ उघडे केले ते माणसाच्या कुदळीने, आणि ते टिकवायचे तर माणसाचा हात तिथे फिरतच राहिला पाहिजे. क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा गाळ समुद्रतळावर साठला, त्याचा हा खडू झाला. तळावर आडवे पडलेले हे थर इथे उत्तरेकडे तीव्र उताराने कललेले आहेत. धार इतकी अरुंद का, याचे उत्तरही त्या कलातच आहे: थर सपाट असते तर खडू रुंद पठारासारखा पसरला असता, आणि गिल्डफर्डच्या पूर्वेला कल मंदावताच टेकड्या खरोखरच रुंदावतात. उत्तरेचे पॅलिओजीन काळातले थरही कललेले आहेत. म्हणजे थरांना कलवणारी ही घडी त्यांच्यानंतरही पडत होती. आल्प्स उभारणाऱ्या दाबाचा हा दूरवर पोचलेला परिणाम मानला जातो.

खडूचे उत्तम दर्शन डोव्हरच्या कड्यांवर होत असताना हा खड्डा कशाला, असे कुणी विचारील. पण डोव्हरचे थर जवळजवळ आडवे आहेत. तिथे खडू दिसतो, ही घडी दिसत नाही. शिवाय समुद्र कडे सतत ताजे ठेवतो, तर आतल्या प्रदेशात माती आणि गवत सारे झाकून टाकतात. इंग्लंडच्या खडूप्रदेशात चुनाभट्टीसाठी आणि आम्लधर्मी शेतजमिनीवर पसरण्यासाठी लोकांनी शतकानुशतके खडू खणला. अशा खाणींमुळेच खडकाचा छेद अभ्यासकांना मिळाला. एकदा मोजमापे आणि छायाचित्रे घेतली की काम संपले, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी तोही पुरत नाही. खोलवरचे जुने प्रस्तरभंग उलट दिशेने सरकल्यामुळे वरचे थर वाकले, हे स्पष्टीकरण नंतर पुढे आले. असा नवा विचार जुन्या नोंदींत न विचारलेले प्रश्न घेऊन येतो आणि ते खडकालाच विचारावे लागतात.

1949 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वन्यजीवांबरोबर भूशास्त्रीय स्थळांनाही संरक्षणाची वाट मोकळी झाली. मात्र अरण्याला लागू पडणारा ‘हात लावू नका’ हा नियम इथे घातक ठरतो. झुडपे वाढली, ढिगारा साचला किंवा खड्डा कचऱ्याने बुजवला, की पुरावा झाकला जातो. म्हणून अशा खाणीचा दर्शनी भाग वेळोवेळी साफ करणे हेच तिचे खरे संरक्षण आहे.