लोखंडाचें दप्तर

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि रुमालांत बांधलेले जुने कागद उभे राहतात. आज मी ज्या कागदाविषयीं बोलणार आहें तो लोखंडाचा आहे, त्याला चार चाकें आहेत, आणि गेलीं तीन वर्षें तो जळगांवांत माझ्या घरामागच्या पत्र्याच्या पडवींत उभा आहे. १९५८ सालीं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून बाहेर पडलेली ही फियाट ११०० जातीची मोटार. पाठीकडून गोलसर, अंगानें बुटकी आणि पुढचीं दारें उलट बाजूनें उघडणारी अशी ही गाडी आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ या नांवानें ओळखली जाते. एका बंद पडलेल्या जीनच्या आवारांत निंबाच्या झाडाखालीं ती कित्येक वर्षें गंजत पडली होती. शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर हातीं आलेल्या पैशांतला थोडासा वाटा मीं तिच्यावर घातला, तेव्हां घरच्या मंडळींनीं कपाळाला हात लावला. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. यंत्रविद्या मला कोणीं शिकविली नव्हती. परंतु आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला होता, आणि त्याच विषयाचा एक धडा या गाडीनें मला नव्यानें घालून दिला. तो मीं कसा चुकलों आणि मग कसा शिकलों, तें आज सांगावयाचें आहे.

गाडी घरीं आणली तेव्हां माझा संकल्प साधा होता. मागाहून जें जें जोडलें गेलें तें सारें काढून टाकावें, आणि कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं ती जशी होती तशी तिला पुन्हां करावी. रोज सकाळीं पाने आणि रॉकेलचें घमेलें घेऊन मी बसत असें. मागची डावी कमान सोडविली तेव्हां तींतला एक पाटा बाकीच्यांहून निराळा निघाला. त्याची जाडी अधिक होती, कडा छिन्नीनें तोडलेल्या होत्या, आणि टोंकाशीं छिन्नीचेच दोन लहान घाव होते. कोणा लोहारानें ट्रकचा मोडका पाटा तापवून, ठोकून आणि तेलांत विझवून फियाटच्या मापाला आणला होता, हें उघड दिसत होतें. तो अस्सल नव्हे, म्हणून मीं तो भंगारवाल्याला किलोच्या भावानें देऊन टाकला.

पुढें एंजिन उघडावयाचें म्हणून धुळ्याहून एक वृद्ध मिस्त्री आले. उभें आयुष्य त्यांनीं आग्रा रोडच्या गॅरेजांत काढलेलें. गाडीभोंवतीं एक फेरी मारून ते खालीं वांकले आणि म्हणाले, “गुरुजी, या कमानीचा जुना पाटा कुठं आहे?” मीं घडलेली हकीकत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “दोन घाव होते म्हणतां. आमच्या उमेदवारीच्या काळांत जो तो लोहार आपल्या कामावर खूण करायचा. पाटा पाहिला असता तर कोणाच्या भट्टीचा तें सांगितलं असतं. आतां काय सांगूं? तीं माणसंही गेलीं आणि भट्ट्याही गेल्या.”

ते रागावले नाहींत. पण मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. ज्या धुळ्याहून ते आले होते, त्याच धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालीं निवर्तले, आणि त्यांनीं जमविलेले कागद सांभाळण्याकरितां १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. राजवाडे गांवोगांव हिंडले, माळ्यांवरचीं दप्तरें त्यांनीं धुंडाळलीं, आणि वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास निघालेला कागदही इतिहासाचें साधन असूं शकतो हें महाराष्ट्राला शिकविलें. हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! आणि तोच मी, हातीं आलेला एक सही केलेला दस्तऐवज रद्दींत घालून मोकळा झालों होतों. तो पाटा काय बोलला असता, याचा शोध घेण्याचें मीं तेव्हां ठरविलें.

त्याची कथा सडकेपासून सुरू होते. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें. जळगांव-भुसावळच्या बाजूस आगगाडी १८६० नंतरच्या दशकांतच आली आणि कापसाच्या गांठी तिच्यावर चढूं लागल्या. धुळ्याला चाळीसगांवाहून रेल्वेचा फांटा पोंचला तो १९०० सालीं. परंतु धुळ्याचें भाग्य सडकेवर होतें. मुंबई-आग्रा रस्ता त्या गांवांतून जातो, आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा रस्ता त्याला तेथेंच छेद देतो. जेथें दोन मोठे रस्ते मिळतात तेथें गाड्या थांबतात. जेथें थांबतात तेथें बिघडतात. आणि जेथें बिघडतात तेथें लोहार, सुतार व मिस्त्री आपोआप वस्तीला येतात.

१९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मुंबईस शिवडी येथें जुळणीचा कारखाना काढला, आणि फोर्ड कंपनीनेंही मुंबईंत तशीच व्यवस्था केली. सुटे भाग पेट्यांतून बोटीनें यावयाचे आणि येथें जोडले जावयाचे. या शेव्हरोलेट व फोर्ड सांगाड्यांवर आपल्या सुतारांनीं सागवानी चौकट बसवून, वर पत्रा ठोकून प्रवासी गाड्या तयार केल्या. त्याच खासगी मालकांच्या ‘सर्व्हिस मोटारी’. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां गाडीच्या पाठीस पिंपाएवढी भट्टी लावून ती लांकडी कोळशावर चालविण्याची युक्ति निघाली. कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला म्हणजे त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो; तो गाळून, थंड करून एंजिनांत सोडीत. पेट्रोलवर असे तेवढी शक्ति येत नसे, आणि घाट चढतांना उतारूंना उतरावें लागे. पण गाडी चाले. मिस्त्रीपणाची ती मोठीच शाळा होती.

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. पुढें एकेक मार्ग सरकारनें हातीं घेतला, आणि खासगी सर्व्हिस मोटारींचे दिवस सरले. त्यांच्यावर काम केलेले कांहीं मिस्त्री एस. टी. च्या कारखान्यांत शिरले. कांहींनीं रस्त्याच्या कडेला स्वतःचीं गॅरेजें थाटलीं. इतक्यांत दुसरा धक्का बसला. नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांनीं एक तर मोटारी येथेंच बनवाव्या, नाहीं तर काम थांबवावें, असें धोरण सरकारनें १९५३ सालीं स्वीकारलें. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघींनीं गाशा गुंडाळला. कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्यांना लागणारा भाग आतां ना मुंबईंत मिळे ना परदेशांतून येई. तो धुळ्याच्या भट्टीवर आणि जळगांवच्या लेथवर घडवावा लागला.

सोलापुरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली होती. १९५४ पासून तिनें फियाट ११०० गाडी देशांत आणली. पण परवान्यांचा तो काळ. नवी फियाट पाहिजे तर नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ज्याला अशी गाडी लाभली तो ती मोडकी म्हणून टाकून देईना. आणि एका पाट्यासाठीं ती महिना दोन महिने उभी ठेवणें व्यापाऱ्यास परवडणारें नव्हतें. तेव्हां ट्रकच्या मोडक्या पाट्यांतून फियाटचा पाटा घडला. माझ्या हातून गेला तो लोखंडाचा तुकडा या साऱ्या घडामोडींचा साक्षीदार होता. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, तो करणाऱ्यानें त्यावर आपली खूण केली होती. ज्या माणसांचीं नांवें कोणत्याही बखरींत नाहींत, त्यांची ती एकच सही.

यानंतर मात्र मी शहाणा झालों. एंजिन उघडलें तेव्हां पेट्रोल ओढणाऱ्या पंपाभोंवतीं तारेनें आवळलेलें, तेलानें काळें पडलेलें गोणपाटाचें एक फडकें निघालें. पूर्वींचा मी असतों तर तें थेट उकिरड्यावर गेलें असतें. तें काय आहे हें मिस्त्रींनीं हंसत समजाविलें. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एंजिनाला चिकटून असलेला पंप इतका तापतो कीं आंतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढूं शकतो, वाफ ओढूं शकत नाहीं. गाडी भर दुपारीं रस्त्यांत थांबते. मग त्या फडक्यावर तांब्याभर पाणी ओतावयाचें. पाणी सुकतांना उष्णता ओढून घेतें, पंप निवतो, आणि गाडी पुन्हां चालूं लागते. आपल्या मातीच्या माठाचीच ही विद्या. ही गाडी मुळांत ज्या इटलींतील ट्युरिन शहराची, तेथल्या थंड हवेंत हें कोणाला सुचण्याचें कारण नव्हतें. तें फडकें म्हणजे परदेशी ग्रंथाच्या समासांत खानदेशानें लिहिलेली टीप आहे. आज तें कांचेच्या बरणींत माझ्या कपाटांत आहे.

दुरुस्ती आणि निर्मिति यांच्यामध्यें आपण समजतों तेवढी उंच भिंत नाहीं, हेंही या नादांत मला उमगलें. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचें उदाहरण पाहा. मोठें शालेय शिक्षण नसतांना या गृहस्थानें ‘मीरा’ नांवाची लहान, सामान्य संसारी माणसाला परवडेल अशी मोटार स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला, आणि १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९७० नंतरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने तयार करून रस्त्यावर चालवून दाखविले. ती गाडी बाजारांत आली नाहीं. परंतु ज्या समाजांत पाटा ठोकणारे, बुश कातणारे आणि पत्रा वळविणारे हात जागोजाग आहेत, तेथेंच असें धाडस करणारा माणूस निपजतो.

आतां व्यवहाराकडे वळूं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळ्या नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, आणि नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठेविलें आहे. ती प्रदर्शनास, मिरवणुकीस किंवा अभ्यासास नेतां येते; रोजच्या कामास वा धंद्यास नाहीं. गाडीचा सांगाडा, कवच आणि एंजिन यांचें मूळ रूप राखलेलें असावें, अशी अट आहे. अट योग्यच आहे. पण ‘मूळ रूप’ या शब्दांनीं माझ्यासारख्या नवशिक्याची फसगत होते. त्याला वाटतें कीं मध्यंतरींच्या सर्व खुणा पुसल्या म्हणजे मूळ सांपडलें. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१२ सालीं एक सनद स्वीकारली. ती ट्युरिनच्याच नांवानें ओळखली जाते, हा मोठा गमतीचा योगायोग. वाहनाच्या चालत्या आयुष्यांत त्यांत जे बदल झाले तेही त्याच्या इतिहासाचाच भाग होत, आणि आपण नवा घातलेला भाग नवा म्हणून ओळखूं यावा, असें ती सांगते. जुन्या पोथीवर काम करणारा पंडित याहून निराळें काय करतो? प्रक्षिप्त श्लोकही तो फाडून टाकीत नाहीं. खूण करून बाजूस ठेवतो.

कोणी म्हणेल, मास्तर, सगळेंच जुनें ठेवलें तर गाडी चालेल कशी? प्रश्न रास्त आहे. ब्रेक आणि सुकाणू यांच्या बाबतींत मीं कसलीच भीड ठेविली नाहीं. जीवाशीं गांठ आहे तेथें नवेंच घातलें. पण काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली, आणि शाळेंतल्या हजेरीपटासारखी एक वही केली. कोणता भाग, कोठून काढला, कोणत्या धातूचा, कोणाच्या हातचा असावा, हें सर्व तींत आहे. मिस्त्री सांगतात आणि मी लिहितों. पहिल्याच पानावर हरवलेल्या पाट्याची नोंद आहे, आणि ‘कोणाच्या हातचा’ हा रकाना तेथें रिकामा आहे. तो आतां कधींच भरावयाचा नाहीं.

त्याच्या जागीं बसवावयाचा पाटा मिस्त्रींनीं स्वतः ओळखीच्या भट्टीवर उभे राहून करवून घेतला. तोही ट्रकच्याच पाट्यांतून. बसविण्यापूर्वीं मीं त्यांना विनंती केली कीं त्यावर आपली खूण करावी. “माझी कशाला, गुरुजी?” असें म्हणत त्यांनीं बराच वेळ आढेवेढे घेतले, आणि मग छिन्नी उचलली.

श्रोतेहो, प्रत्येकाच्या पडवींत मोटार नसते. परंतु आजीचें शिवणयंत्र, मळ्यावरचें जुनें तेलएंजिन, वडिलांची सायकल असें कांहीं ना कांहीं बहुतेक घरीं असतेंच. भंगारवाल्याची हांक ऐकून तें बाहेर काढण्यापूर्वीं एकदां उलटून पाहा. त्यावर कोणाचा टांका आहे, कोणाची खूण आहे, तें घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गांवांत एखादे वृद्ध मिस्त्री असतील तर त्यांना दाखवा, आणि ते जें सांगतील तें साध्या वहींत लिहून ठेवा. वस्तु पुढें राहो वा न राहो. माणूस आहे तोंवर विचारलें, एवढें जरी आपल्या हातून झालें तरी पुष्कळ झालें.