ॲकॅलेशियावरील शस्त्रक्रिया
अन्ननलिकेच्या भित्तीतील तंत्रिका कोशिका नष्ट झाल्यास तिच्या खालच्या टोकाचे स्नायुवलय सैल होत नाही. घास वरच अडकतो व रोगी खंगत जातो. या विकारास ॲकॅलेशिया म्हणतात. इंग्लंडमधील टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये वर्णिलेला रोगी स्पंज लावलेल्या कांडीने घास जठरात ढकलीत असे. जर्मनीत एर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये मोठी चीर घेऊन स्नायूच छेदला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. पुढे स्नायुछेदही याच रीतीने होऊ लागला. जपानमधील हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून, अस्तराखाली बोगदा करून तो केला. त्यामुळे गिळणे सुलभ होते. पण नष्ट कोशिका परत येत नाहीत, तसेच आम्ल वर येण्याचा त्रास उद्‌भवू शकतो.