मांडवीच्या लाटांतला उजेड आणि हिवतापाचे कुळ

हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री मांडवीच्या किनाऱ्यावर एखादे वेळी फुटत्या लाटेच्या कडेला निळसर उजेड चमकून जातो. हा उजेड बहुधा नॉक्टिल्युका ह्या जिवाचा असतो. त्याचे सारे शरीर एका पेशीचे. आकार खसखशीच्या दाण्याएवढा, पुष्कळदा त्याहूनही लहान.

ह्याला कोणत्या जातीत बसवावे, हा वाद जुना. 1810 साली मॅकार्टनी ह्यांनी त्याला जेलीफिशांच्या पंक्तीला बसविले. त्या काळी सजीवांची राज्ये दोनच मानीत, वनस्पती आणि प्राणी. नॉक्टिल्युका भक्ष्य गिळतो, म्हणून तो प्राणी. परंतु त्याचे कित्येक भाऊबंद उन्हावर अन्न तयार करतात, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांच्यावर हक्क सांगत. 1866 साली हेकेल ह्यांनी 'प्रोटिस्टा' हे तिसरे राज्य काढले. त्याने सोय झाली, नाते मात्र उलगडले नाही.

ते उलगडले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जनुके वाचण्याची विद्या आल्यावर. पेशीच्या आवरणाखाली चपट्या पिशव्यांचा थर तीन घराण्यांत सापडला: नॉक्टिल्युकाच्या, केसाळ पॅरामिशियमच्या आणि हिवतापाच्या जंतूच्या. जनुकांनीही तीच साक्ष दिली. 1991 साली कॅव्हेलियर-स्मिथ ह्यांनी ह्या कुळाला 'अल्व्हिओलाटा' हे नाव दिले.

हिवतापाचा जंतू लाव्हेराँ ह्यांनी 1880 साली रोग्याच्या रक्तात पाहिला, आणि रॉस ह्यांनी 1897 साली सिकंदराबादेत डासात दाखविला. पुढे शंभर वर्षांनी ह्या रक्तपिपासू जंतूच्या पेशीत शेवाळापासून आलेले, हरितद्रव्य गमावलेले एक इंद्रिय आढळले. सिडनीच्या बंदरातील प्रवाळात मिळालेला त्याचा नातलग क्रोमेरा 2008 साली जगापुढे आला. तो आजही उन्हावर जगतो. म्हणजे जंतूचे पूर्वज स्वकष्टाचे खाणारे होते; आयत्या अन्नाची सवय मागाहून लागली.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. ताप आला की रोज बुडतो, एवढे आम्हांला पक्के ठाऊक. म्हणून ह्या वंशावळीचे आम्हांला मोल वाटते. डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध हिवतापावरही का चालते, ह्याचा उलगडा त्या जुन्या इंद्रियामुळे झाला. त्याच्यावाचून जंतूचे चालत नाही, आणि माणसाच्या पेशीत ते नाही. नवे औषध शोधणाऱ्यांना घाव घालण्याची जागा ह्या कुळाच्या इतिहासाने दाखविली.