सतरा सप्टेंबरनंतरचे दिवस

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. झेंडावंदन, हुतात्म्यांना मानवंदना, भाषणे. हे व्हायलाच हवे. पण मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या घरात या काळाला दुसरे नाव आहे : ‘पुलिस ॲक्शन’. आमच्या कुर्ल्यात नांदेड, लातूर, परभणीकडून पोटासाठी आलेली बरीच कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांनी वर्गात मला एकदा विचारले, “सर, आपण रझाकार होतो का?” या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून चालत नाही. इतिहास नीट सांगावा लागतो.

हैदराबाद संस्थान आठ जिल्ह्यांचे तेलंगण, पाच जिल्ह्यांचा मराठवाडा आणि तीन कन्नड जिल्हे मिळून झालेले. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर. बहुसंख्य प्रजा हिंदू, सत्ता मात्र निजामाची. लोकांनी निवडलेले जबाबदार सरकार नाही. १९४७ मध्ये निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला आणि नोव्हेंबरमध्ये एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. दरम्यान लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी गावोगाव जाळपोळ, लूट, खून केले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. हजारो लोक घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेले. हा जुलूम खरा होता, आणि तो झाकणे हा मजलुमांवर दुसरा जुलूम आहे.

या जुलुमाविरुद्ध मुसलमानही उभे होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हावे असे उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच त्यांचा खून केला. शायर मखदूम मोहिउद्दीन तेलंगणातल्या शेतकरी लढ्यात होते. मुलांना मी आधी ही दोन नावे सांगतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला जनरल अल-इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. लढाई पाच दिवसांत संपली. खरी अवघड गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

जुनी सत्ता कोसळली होती, नवी गावापर्यंत पोचली नव्हती. त्या पोकळीत सूड घेतला गेला. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले. लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला तिथे आढळले. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत सामील होते, असे अहवाल म्हणतो. तोच अहवाल हेही सांगतो की हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवले, आणि पळवलेल्या बायका परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. सरकारने हे आकडे मान्य केले नाहीत. अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

आता हिशेब पाहा. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला, त्याला वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला. रझवींना शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानात गेले. मागे राहिला तो विणकर, शेतमजूर, टांगेवाला. ज्यांनी कधी राज्य केले नव्हते त्यांनी राज्य गेल्याची किंमत मोजली. फौज विसर्जित झाली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, कारभारातली आणि उस्मानिया विद्यापीठातली उर्दू मागे पडली. शिकलेला माणूस एका रात्रीत अडाण्यासारखा झाला.

इराकमध्ये २००३ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. सद्दामची सत्ता काही आठवड्यांत गेली, मग लष्करच बरखास्त केले आणि देश वर्षानुवर्षे पेटत राहिला. हैदराबाद तसे पेटत राहिले नाही. आलेली फौज परक्या देशाची नव्हती, आणि १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने निवडणूक झाली. मार खाल्लेल्या मुसलमानालाही त्याच मताचा हक्क मिळाला. हा फरक लहान नाही.

तेव्हा मुलांना माझे उत्तर असे : काही मुसलमान रझाकार होते, काही रझाकारांच्या हातून मेले, आणि बहुतेक जण आपापल्या मागावर, शेतावर राबणारे होते. जालीम हटवणे इन्साफ आहे; पण जालमाच्या जातीचा म्हणून शेजाऱ्याला मारणे इन्साफ नाही. १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करावा, शोएबुल्ला खानांचे नाव घ्यावे, आणि लातूरच्या त्या वीस दिवसांचेही. मुक्तीचा दिवस त्याने लहान होत नाही.